शोकाचे दिवस, शोकाचे जेवण : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या बहुतेक मुसलमान घरांत माणूस गेला की तिसऱ्या दिवशी जियारत होते. कुराणाचे तीस पारे सुटे करून बसलेल्यांत वाटले जातात, कुणी चण्यांवर किंवा खजुराच्या बियांवर कलमा मोजतो, कबरीवर फुले चढतात, फातेहा होतो. पुढे दहावा, विसावा, चाळीसावा आणि वर्षाने बरसी. उत्तरेत याच तिसऱ्या दिवसाला तीजा म्हणतात. अशा बैठकीत कान देऊन बसले तर एखाद्या कोपऱ्यात जुनाच एक वाद हळू आवाजात चाललेला ऐकू येतो. तरुण भाचा म्हणतो, हे दीनमध्ये कुठेच नाही. मामू विचारतात, मग आपल्या वाडवडिलांना दीन कळत नव्हता का? दोघे आपापल्या जागी ठाम राहतात आणि थोड्या वेळाने एकाच दस्तरखानावर जेवायला बसतात.

या पुस्तकाच्या वाचकाने त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसावे, अशी माझी इच्छा आहे. तिथून दिसते ते असे : भाच्याच्या बाजूला तेराशे वर्षांचा ग्रंथसंभार आहे, आणि मामूंच्या बाजूलाही आहे. शोकाच्या स्थानिक रूढींबद्दल फकिहांनी, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी, इतके लिहिले आहे की ‘इस्लाम काय म्हणतो’ या एका प्रश्नाला एकच उत्तर निघत नाही. कैरोत एक निघते, देवबंदला दुसरे, सुराबायाला तिसरे. ही उत्तरे कशी तयार झाली, कोणत्या पुराव्यावर आणि कोणाच्या घरातला शोक पाहून, याचा अभ्यास म्हणजे हे क्षेत्र. अरबी येत असेल तर उत्तमच. नसेल तरी यावे. उर्दूत यातले पुष्कळ आहे, इंग्रजीतही थोडेफार आहे. मराठीत फार कमी आहे, आणि खरे सांगायचे तर म्हणूनच ही प्रस्तावना थोडी लांबणार आहे.

आधी दोन गोष्टी पटकन सांगून टाकतो. शरीअत म्हणजे कलमवार लिहिलेला एखादा कायदा, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा, ग्रंथ उघडला की जनाजाच्या, म्हणजे अंत्यविधीच्या, प्रकरणात मतांची गर्दी भेटते. प्रत्येक कृतीला दर्जा द्यायचा असतो : अनिवार्य, स्तुत्य, मुभा असलेली, नापसंत म्हणजे मकरूह, आणि निषिद्ध. शोकाविषयीचे बहुतेक वाद टोकाला नसतात. मुभा आणि नापसंती यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ते चालतात. दुसरी गोष्ट मजहबांची, म्हणजे फिकहच्या परंपरांची. घाटावरचे बहुसंख्य मुसलमान हनफी, तर कोकणातले शाफिई. रायगड-रत्नागिरीचा हा मजहब समुद्राच्या वाटेने आला. भटकळचे नवायत, केरळचे मापिळा आणि जावा-सुमात्राचे मुसलमान याच मजहबाचे. माहीमचे मखदूम अली माहिमी (मृत्यू १४३१), ज्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिले, तेही शाफिईच. म्हणजे पुण्याच्या घरातला चाळीसावा आणि मुरुडच्या घरातला चाळीसावा दिसायला सारखा असला, तरी त्याबद्दल मत विचारायचे तर ग्रंथ वेगवेगळे उघडावे लागतात.

सुरुवात रडण्यापासून करावी. इ.स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत पैगंबरांचे काका हमजा मारले गेले. मदिनेत परतल्यावर अन्सारांच्या, म्हणजे पैगंबरांना आश्रय देणाऱ्या मदिनावासीयांच्या, घरांतून बायकांचा विलाप ऐकू येत होता. हमजासाठी रडणारे मात्र कुणी नाही, असे पैगंबर म्हणाले, आणि ते ऐकून अन्सारांच्या बायका हमजासाठी रडायला आल्या. पुढे पैगंबरांनीच त्या बायकांना परत पाठवले आणि आजपासून मृतासाठी असे रडू नका, असे सांगितले. एकाच प्रसंगात विलापाची उणीव जाणवणे आणि विलापाला मनाई करणे, दोन्ही आहे. फिकहची पुढची सगळी चर्चा या दोन टोकांत वावरते.

दुसरी हदीस, म्हणजे पैगंबरांविषयीचे कथन, मला त्याहून महत्त्वाची वाटते. स्त्रियांकडून निष्ठेची शपथ घेताना विलाप न करण्याचे वचनही घेतले जात होते. उम्म अतिया यांनी सांगितले की अमुक घराण्याच्या बायकांनी पूर्वी माझ्या दुःखात माझ्याबरोबर आक्रोश केला होता, तेव्हा त्याची परतफेड माझ्यावर आहे. त्यांना तेवढी सवलत मिळाली, असे मुस्लिम या हदीससंग्राहकाच्या संग्रहात येते. ही सवलत त्यांच्यापुरतीच होती, असे नंतरच्या भाष्यकारांनी, विशेषतः नववी (मृत्यू १२७७) यांनी, लिहिले. नियमापुरते ते बरोबर असेल. पण अभ्यासकाने इथे थांबून पाहावे. विलाप हे बायकांमधले देणे-घेणे होते. तू माझ्या घरी रडलीस, आता मी तुझ्या घरी रडायला येणार. महाराष्ट्राच्या खेड्यात बाई माहेरच्या मयतीला आली की वेशीपासून गळा काढते आणि तिला धरायला चार जणी पुढे होतात. त्या चौघींची नावे ती जन्मभर विसरत नाही. मनाई झाली ती नुसत्या आवाजाला नव्हे, या हिशेबाला झाली. त्याच्या जागी दुसरे काय द्यायचे, हा प्रश्न फिकहच्या ग्रंथांनी क्वचितच विचारला आहे.

अश्रूंना मनाई कधीच नव्हती. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा ते स्वतः रडले, आणि अब्दुर्रहमान बिन औफ यांनी आश्चर्य व्यक्त केले तेव्हा डोळ्यांतले पाणी ही दया आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. गाल बडवणे, कपडे फाडणे, मृताचे गुण ओरडून सांगणे यांना मात्र बंदी. ही रेषा चारही सुन्नी मजहबांना मान्य आहे. खरी चकमक दुसऱ्याच एका हदीसवर झाली. घरच्यांच्या रडण्यामुळे मृताला यातना होतात, असे दुसरे खलिफा हजरत उमर आणि त्यांचे पुत्र यांच्या तोंडून आले आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांनी ते मानले नाही. ऐकण्यात चूक झाली असावी असे म्हणून त्यांनी कुराणाचा दाखला दिला : एकाचे ओझे दुसऱ्यावर पडत नाही. मागाहून आलेल्या फकिहांनी वाट काढली की ज्याने मरण्यापूर्वी ‘माझ्यामागे आक्रोश करा’ अशी वसीयत केली असेल, त्याच्यापुरतेच हे लागू आहे, कारण अरबांत तशी वसीयत करण्याची चाल होती. स्थानिक रूढीचे ज्ञान हदीसचा अर्थ लावायला वापरले गेल्याचे याहून चांगले उदाहरण नवख्या वाचकाला मिळणार नाही. लिऑर हालेवी यांच्या २००७ च्या ‘मुहम्मद्स ग्रेव्ह’ या ग्रंथात, कूफा शहरातल्या धर्मनिष्ठांनी अंत्यविधीतल्या स्त्रियांबद्दल अधिकाधिक कडक भूमिका कशी घेतली, हे तपशिलात मांडले आहे. ते वाचल्यावर ‘मूळ नियम’ ही कल्पनाही एका गावाची आणि एका काळाची असते, हे ध्यानात येते.

आता जेवणाकडे. माझ्या मते या क्षेत्राचा गाभा इथे आहे.

इ.स. ६२९ मध्ये मुअताच्या लढाईत पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर मारले गेले. बातमी आल्यावर पैगंबरांनी सांगितले की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करून पाठवा, कारण त्यांच्यावर जे कोसळले आहे त्यात ते गुंतलेले आहेत. मराठी वाचकाला इथे कडू घास आठवेल. शेजाऱ्या-पाजाऱ्यांनी भाकरी-पिठले आणून दुःखातल्या माणसांना दोन घास खायला लावणे, हे दोन्हीकडे तेच आहे, आणि फकिहांनी त्याला एकमताने चांगले म्हटले आहे. वाद उलट दिशेच्या जेवणाचा आहे : ज्याच्या घरी मयत झाली त्यानेच चूल पेटवून आल्यागेल्यांना वाढायचे का? सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सहकारी, जरीर बिन अब्दुल्लाह यांचे म्हणणे नोंदलेले आहे की मृताच्या घरी जमणे आणि तिथे जेवण होणे, याला आम्ही विलापाचाच एक प्रकार समजत असू. इमाम शाफिई यांनी ‘किताब अल-उम्म’मध्ये शोकाच्या जमावाला नापसंती दर्शवली, कुणी रडत नसले तरीही. कारणे दोन दिली : दुःख पुन्हा ताजे होते आणि खर्चाचा भार पडतो. हनफी फकीह इब्न अल-हुमाम (मृत्यू १४५७) यांनी ‘फत्ह अल-कदीर’मध्ये लिहिले की मेजवानी आनंदाच्या प्रसंगासाठी असते, संकटाच्या नव्हे, म्हणून ही वाईट बिदअत, म्हणजे धर्मात मागाहून घातलेली गोष्ट.

शाफिई यांची दोन कारणे मी वेगवेगळी धरतो. पहिले मला पुरते पटत नाही. चाळीस दिवसांनी माणसे पुन्हा जमली की दुःख ताजे होते हे खरे, पण न जमल्याने ते शिळे होते असेही नाही. दुसरे कारण मात्र सगळ्या काळांत आणि सगळ्या मुलखांत टिकते. मयतीच्या घरावर आणखी भार पडू नये, हा धागा जाफरच्या घरापासून निघतो आणि या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक गंभीर फतव्यातून जातो. रूढीचा उगम कुठला, ती कुणाची नक्कल आहे, हे प्रश्न गाजतात जास्त. निर्णयाला वजन बहुधा या साध्या विचाराने येते.

उदाहरण हवे तर हिंदी महासागराचा एक फेरा मारावा. सोळाव्या शतकात मलबारच्या जैनुद्दीन मलबारी यांनी ‘फत्ह अल-मुईन’ हा शाफिई फिकहचा आटोपशीर ग्रंथ लिहिला. तो मक्केत शिकवला जाऊ लागला. एकोणिसाव्या शतकात तिथल्या अबू बक्र शत्ता यांनी त्यावर ‘इआनत अत-तालिबीन’ हे विवरण लिहिले आणि शोकाच्या जेवणापाशी येताच मक्केचे मुफ्ती अहमद जैनी दहलान (मृत्यू १८८६) यांचा फतवा उतरवून घेतला : मयतीच्या घरी जमून जेवण्याची ही चाल निंद्य आहे आणि ती बंद करणाऱ्या शासकाला पुण्य मिळेल. हाच ग्रंथ जावाच्या मदरशांत पोचला. जावात तिसऱ्या, सातव्या, चाळीसाव्या, शंभराव्या आणि हजाराव्या दिवशी जमून जिक्र, म्हणजे अल्लाहचे नामस्मरण, करायचा आणि जेवायचे, अशी ‘तहलीलान’ नावाची रूढी आहे. १९१२ मध्ये योग्यकर्त्यात स्थापन झालेल्या मुहम्मदिया या सुधारक संघटनेने तिला विरोध केला. १९२६ मध्ये सुराबायात नहदतुल उलमा स्थापन झाली ती परंपरेच्या बाजूने. त्याच वर्षीच्या तिच्या पहिल्या अधिवेशनात हा प्रश्न आला, तेव्हा परंपरावाद्यांनी काय ठरवावे? ठराविक दिवशी सगळ्यांनी जमलेच पाहिजे, असे असेल तर यजमानाचे जेवण मकरूह. मात्र त्या मकरूहपणाने दानाचे पुण्य बुडत नाही. आपल्याच रूढीवर ठपका ठेवायचा आणि तरी तिला जगू द्यायचे! या ठरावावर कुणी हसेल. मला तो मानवी शहाणपणाचा नमुना वाटतो.

आपल्याकडचा देवबंदी-बरेलवी झगडा याच नजरेने पाहावा. बरेलीचे अहमद रझा खान (१८५६–१९२१) म्हणजे फातेहा, तीजा, चाळीसाव्याचे मोठे समर्थक, अशी त्यांची ख्याती. ती खोटी नाही. ठराविक तारखेला फातेहा देण्याच्या बाजूने त्यांनी स्वतंत्र रिसाला, म्हणजे छोटी पुस्तिका, लिहिला. पण त्यांचाच दुसरा एक रिसाला आहे, ‘जली अस-सौत’, हिजरी १३१० चा, आणि त्यात मयतीच्या घरच्या दावतीचा कडक निषेध आहे. गरिबांना खाऊ घालणे वेगळे. भाऊबंदांनी दस्तरखान मांडून जेवणे नाजायज. वारसांत अनाथ बालक असेल आणि खर्च वाटणी न झालेल्या मालमत्तेतून होत असेल, तर ते सरळ यतिमाचा, म्हणजे अनाथाचा, माल खाणे. थाना भवनचे अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) देवबंदी बाजूचे. ‘बहिश्ती जेवर’ आणि ‘इस्लाह अर-रुसूम’ यांत त्यांनी हीच यतिमाच्या हिश्शाची बाब पुढे केली आहे. एरवी एकमेकांच्या इमामतीखाली नमाज पढायलाही तयार नसलेली ही दोन घराणी यतिमाच्या ताटापाशी एकत्र येतात. झगडा उरतो तो तारीख नेमण्याचा आणि पुण्य पोचवण्याच्या पद्धतीचा.

पुण्य पोचवण्याला ‘ईसाल-ए-सवाब’ म्हणतात. मृताच्या वतीने केलेले दान आणि दुआ पोचते, यावर मतभेद नाही; साद बिन उबादा यांनी आईच्या नावे बाग दान केल्याची हदीस सर्वपरिचित आहे. कुराणपठणाचे पुण्य पोचते का? हनफी आणि हंबली होय म्हणतात. शाफिई मजहबाचे प्रसिद्ध जुने मत नाही असे होते. नंतरच्या शाफिईंनी, पठणानंतर दुआ केली तर पोचते, अशी सोय काढली. म्हणजे कोकणातल्या जियारतीत पारे संपल्यावर जी दुआ मागितली जाते, तिला शास्त्राच्या दृष्टीने पुणे शहरातल्या दुआपेक्षा जास्त काम असते. पैसे घेऊन पठण करण्यावर दमास्कसच्या इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांनी एक धारदार रिसाला लिहिला आहे. गंमत अशी की उर्फ, म्हणजे लोकरूढी, कायद्यात कशी आणि किती धरावी, यावरचा हनफी मजहबातला सर्वांत गाजलेला रिसालाही त्यांचाच. रूढी ही पंच आहे, असे फिकहचे सूत्र आहे. १८६९ ते १८७६ या काळात ऑटोमन सरकारने रचलेल्या ‘मजल्ला’ या संहितेत ते छत्तिसावे कलम आहे. खरेदी-विक्री, भाडे, मेहर, शपथेचा अर्थ, इथे गावाची रूढी निर्णायक ठरते. इबादतीत, म्हणजे उपासनेत, मात्र तिला प्रवेश नाही. आता जियारत कशात मोडते? पारे वाचणे इबादतीत. जेवण, बसायला येणे, फुले हे व्यवहारात. एकाच सकाळी, एकाच चटईवर दोन्ही चालते. हा विषय फकिहांना इतका अवघड का गेला, त्याचे उत्तर मला याच गुंत्यात दिसते.

दिवसांचे गणित तुलनेने सोपे आहे, निदान ग्रंथात. बाप, भाऊ, मूल कुणीही जावो, स्त्रीने तीन दिवसांपेक्षा जास्त शोकवेश धरू नये. नवऱ्यासाठी मात्र चार महिने दहा दिवस. पैगंबरांच्या पत्नी उम्म हबीबा यांनी वडील अबू सुफियान गेल्यावर तिसऱ्या दिवशी अत्तर मागवून अंगाला लावले आणि सांगितले की मला त्याची गरज नव्हती, नियम दाखवायचा होता. चाळीसाव्याला असा आधार नाही. सातव्याला थोडासा सापडतो : मृताची सात दिवस कबरीत परीक्षा होते आणि त्या दिवसांत त्याच्या वतीने अन्नदान करणे लोकांना आवडे, असे ताऊस या ताबिईचे, म्हणजे सहाबींच्या पुढच्या पिढीतल्या माणसाचे, कथन आहे आणि सुयूती (मृत्यू १५०५) यांनी त्यावर एक रिसाला रचला. तारीख सोयीसाठी नेमली आणि ती धर्माने बांधून दिलेली आहे असे मानले नाही तर चालेल, हे हाजी इमदादुल्लाह मुहाजिर मक्की (१८१७–१८९९) यांचे मत त्यांच्या ‘फैसला-ए-हफ्त मसला’ या पुस्तिकेत आहे. त्यांचे मुरीद, म्हणजे शिष्य, रशीद अहमद गंगोही यांना ते मान्य नव्हते. लोक सोय म्हणून सुरू करतात आणि सक्ती म्हणून पुढे नेतात, हा गंगोहींच्या बाजूचा मुद्दा. ज्याने चाळीसाव्यासाठी उसनवारी करणारे घर पाहिले आहे, त्याला तो सहज झटकता येणार नाही.

इथेच नवख्या अभ्यासकाला एक सापळा लागतो. दहावा-तेरावा समोर दिसतो, म्हणून दहावा-चाळीसावा हिंदूंकडून आला, असे म्हणून तो मोकळा होतो. थानवींपासून ते इंग्रज नोंदकर्त्यांपर्यंत हे अनेकांनी म्हटले आहे. शेजाराचा परिणाम झालाच नाही असे मी म्हणत नाही. पण चाळीसावा कैरोत आहे, मध्य आशियात आहे, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत तिसरा, नववा आणि चाळीसावा असे स्मृतिदिन आहेत. कोकणातला चाळीसावा घाटावरून उतरला की गलबतातून आला, हे सिद्ध करायला पुरावा लागेल. शिवाय उगम कळल्याने फतवा ठरत नाही. मुभा असलेली कितीतरी कामे शेजाऱ्यांसारखीच असतात.

विधवेच्या इद्दतीबद्दल, म्हणजे नवरा गेल्यानंतरच्या प्रतीक्षाकाळाबद्दल, थोडे थांबून लिहायला हवे, कारण ग्रंथ आणि रूढी यांच्यातली दरी इथे सर्वांत रुंद आहे आणि ती अपेक्षेच्या उलट बाजूला आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात विधवेला वर्षभर एका खोपटात, घाणेरड्या कपड्यांत राहावे लागे, असे हदीसमध्येच वर्णन आहे. त्या जागी चार महिने दहा दिवस आले. गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत. या काळात सुगंध, सुरमा, दागिने, भडक रंगाचे कपडे वर्ज्य, आणि वास्तव्य नवऱ्याच्या घरी. आपल्याकडे याची कल्पना अशी झाली की बाईने एका खोलीत बसावे, आभाळही पाहू नये, परक्याचा आवाज कानी पडू देऊ नये. बांगड्या फोडणे आणि गळ्यातली काळी पोत काढणे, ही दख्खनची स्वतःची भर. आता हनफी मजहबाचे पाठ्यपुस्तक ‘हिदाया’ उघडा. मर्गीनानी (मृत्यू ११९७) लिहितात की विधवा दिवसा आणि रात्रीच्या काही भागात बाहेर जाऊ शकते, फक्त मुक्काम घरी हवा. कारण तिला पोटगी नाही, पोट भरायला तिला बाहेर पडावेच लागते. आठशे वर्षांपूर्वीच्या फर्गानातल्या फकिहाला कमावणारी विधवा दिसली होती. आज शाळेत शिकवणाऱ्या किंवा भाजी विकणाऱ्या बाईला चार महिने घरी बसवणारे तिचे दीर शरीअतचा हवाला देतात, तेव्हा ते ग्रंथाचे नाव घेऊन रूढी चालवत असतात. पुनर्विवाहाचेही तसेच. कुलीन म्हणवणाऱ्या मुसलमान घरांत विधवेचे लग्न लावणे कमीपणाचे मानले जाई. रायबरेलीच्या सय्यद अहमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भावाच्या विधवेशी निकाह करून ती चाल मोडण्याचा प्रयत्न केला.

आता साधनांविषयी. मला सांगायचा मुख्य मुद्दा हा की रूढीची उत्तम वर्णने तिच्या विरोधकांनी लिहिली आहेत. कैरोच्या इब्न अल-हाज (मृत्यू १३३६) या मालिकी फकिहाने ‘अल-मदखल’मध्ये आपल्या शहरातल्या बिदअतींवर कोरडे ओढले, आज त्या काळचे कैरो समजून घ्यायला इतिहासकार त्याच्याकडेच जातात. शाह वलिउल्लाह (१७०३–१७६२) यांनी आपल्या वसीयतनाम्यात तीजा, चेहलम (चाळीसावा), सहामाही आणि वार्षिक फातेहावरच्या उधळपट्टीची तक्रार केली, त्यामुळे अठराव्या शतकात दिल्लीत या सगळ्या तिथ्या पाळल्या जात होत्या, हे आपल्याला कळते. थानवींच्या ‘बहिश्ती जेवर’मधला रूढींचा भाग तर स्वयंपाकघरात उभे राहून लिहिल्यासारखा आहे. बार्बरा मेटकाफ यांनी १९९० मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. अशी पुस्तके वाचताना एक पथ्य : मनाई जितकी तपशीलवार, तितकी ती गोष्ट लोकांत खोल रुजलेली. फक्त टीकाकाराचा राग गाळून घ्यायचा आणि वस्तू ठेवायच्या.

दख्खनसाठी जाफर शरीफ यांचे ‘कानून-ए-इस्लाम’ हाताशी ठेवावे. हर्कलॉट्स या इंग्रज सरकारच्या सर्जनने ते लिहवून घेतले, भाषांतरित केले आणि १८३२ मध्ये लंडनला छापले. त्यात जियारतीचा दिवस, कबरीवरची फुले, चाळीसाव्यापर्यंतचे विधी क्रमाने आहेत. विरोधकाने लिहिलेले नसल्यामुळे त्याचा सूर शांत आहे. मात्र साहेबाच्या प्रश्नांना उत्तरे देताना लिहिले गेल्यामुळे त्यात सगळे एकसारखे, नीटनेटके दिसते. असे कोणत्याही घरात नसते. इंग्रजी न्यायालयांनी रूढीला दुसराच अर्थ दिला. १८४७ मध्ये मुंबईत अर्स्किन पेरी यांनी खोजा आणि मेमन यांच्या दाव्यात, मुलींना वारसा न देण्याची जमातीची रूढी कुराणाच्या नियमावर मात करते, असा निकाल दिला. १९३७ च्या शरीअत कायद्याने वारसा, विवाह, मेहर, वक्फ अशा बाबींत रूढी मागे सारली. शोक त्या यादीत नाही. तीजा करावा की नाही, हे भारतात कोणतेही न्यायालय ठरवत नाही. ते जमात, मौलवी आणि घरातली वडीलधारी बाई मिळून ठरवतात. कायद्याच्या अभ्यासकांनी या विषयाकडे पाठ फिरवली ती यामुळेच असावी, आणि समाजशास्त्रज्ञांनी फिकह उघडला नाही. मधली जमीन पडीक राहिली.

मोहरमचा शोक मी इथे मुद्दाम आणलेला नाही. कर्बलाचा मातम हा शिया फिकहचा विषय आहे, त्याची तत्त्वे निराळी आहेत. तिथे रडणे पुण्यकर्म आहे आणि वाद चालतो तो रक्त काढण्यावर. १९२८ मध्ये दमास्कसच्या मुहसिन अल-अमीन यांनी त्याविरुद्ध पुस्तिका लिहिली तेव्हा शिया जगात वादळ उठले होते. त्यातही महाराष्ट्रातले कडेगावचे ताबूत किंवा गावोगावच्या सवाऱ्या, ज्यांत हिंदूंचा मान असतो, त्यांना शिया मातमाच्या चौकटीत कोंबता येत नाही. तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. फिकहच्या सगळ्या चौकटीच नाकारणारेही झाले. समाजसुधारक हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांनी कोणत्याही धार्मिक विधीशिवाय आपले दहन व्हावे असे सांगून ठेवले आणि ते झाले. शोकाच्या इतिहासात त्या निर्णयाला जागा आहे. फिकहच्या इतिहासात ती कुठे द्यायची, हे मी वाचकावर सोडतो.

काम करायला जागा भरपूर आहे. मयतीला आंघोळ घालणाऱ्या बायका, ज्यांना प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार घरे नावाने ओळखतात, त्यांच्याशी बोलून कुणीतरी लिहायला हवे. त्यांना फिकहचे बारकावे तोंडपाठ असतात आणि ग्रंथांत न सापडणारे दहा नियमही त्यांच्याकडे असतात. २०२० च्या महामारीचे कागद गोळा करायला हवेत. त्या वर्षी ३० मार्चला मुंबई महापालिकेने कोविडने मृत झालेल्या सर्वांचेच दहन करावे असे परिपत्रक काढले आणि लगेच मागे घेतले. मे महिन्यात दफनभूमीविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. त्या महिन्यांत गुस्ल, म्हणजे मयतीची आंघोळ, कसा द्यायचा, जियारत घरच्या घरी चालेल का, असे प्रश्न मुफ्तींना फोनवर विचारले जात होते. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे आज लोकांच्या जुन्या फोनमध्ये पडून आहेत.

आणि कोकणातल्या तरुण अभ्यासकासाठी एक तयार विषय. शाफिई ग्रंथ सांगतात की सांत्वनाला जाण्याची मुदत तीन दिवस. त्यानंतर जाणे मकरूह, कारण शांत झालेले मन पुन्हा हलते. मात्र जो परगावी होता त्याला ही मुदत लागू नाही, तो परतल्यावर भेटू शकतो. नववींच्या काळात परगाव म्हणजे उंटाची किंवा गलबताची वाट. आज दापोली-खेडच्या कितीतरी घरांतला मुलगा कुवेत किंवा दुबईत असतो, बाप गेल्याची बातमी त्याला पाच मिनिटांत कळते, दफन तो फोनवर पाहतो आणि सुट्टी मिळून घरी येतो तो आठ महिन्यांनी. त्या दिवशी गाव पुन्हा त्याच्या दारात जमते, आई पुन्हा रडते, चुलीवर पुन्हा मोठे पातेले चढते. तो गैरहजर होता की हजर? त्याच्या बाबतीत मुदत कधी सुरू झाली? आणि ते पातेले जाफरच्या घरी पाठवलेल्या जेवणाच्या बाजूचे, की जरीर यांनी नापसंत केलेल्या जेवणाच्या? गावच्या काजींना विचारून पाहा. दोन गावांत दोन उत्तरे मिळाली तर दोन्ही लिहून घ्या, आणि पातेल्याचा खर्च कुणी केला तेही.